राखणीचं सूप

आमच्या तिवरवाडीने राजा कधी पाहिला नाही. राजे आले आणि गेले ते बेळगावच्या किल्ल्यात, नाहीतर तिकडे कित्तूरला. येळ्ळूरचा गड आमच्या शिवारातून स्वच्छ दिसतो, पण त्यावरून कुणी खाली उतरून आमचं भात यंदा कसं आहे म्हणून विचारल्याचं कुणाला आठवत नाही. नंदगडला इंग्रजांनी कित्तूरच्या रायण्णाला फाशी दिलं तेव्हा आमच्यातली चार माणसं पाहायला गेली होती म्हणे, आणि परत येऊन गुपचूप मळणीला लागली. राजा कसा असावा यावर आमच्या गावाने तोंड उघडावं असं कारणच नव्हतं. तरी आमच्या गावात त्यावरून भांडण जुंपलं, आणि ते इंग्रज जाईपर्यंत मिटलं नाही. ते भांडण उभं केलं मालुबाईने.

तिला कुणी राणी म्हणालं असतं तर तिने काठी उगारली असती. ती गावची राखणकरीण होती. भात पोटरीला आल्यापासून खळ्यावर रास पडेपर्यंत सगळ्या शिवाराची राखण एकाच माणसाकडे असे. आधी ते काम तिचा नवरा मष्णू करी. ढोरं हाकायची, डुकरं हुसकायची, आणि मुख्य म्हणजे माणसांवर नजर ठेवायची. कारण डुक्कर भूक लागली की येतं, माणूस पोट भरलेलं असतानाही येतो. याला पगार नव्हता. रास वाऱ्यावर वारवून झाली की पोती भरायच्या आधी प्रत्येक घराने एक सूप भात राखणीचं म्हणून काढायचं, असा शिरस्ता होता. घरोघरच्या एकेका सुपावर राखण्याचं वर्ष निघे. मष्णूला स्वतःचं बोटभर रान नव्हतं.

शिरस्ता जुना, पण मारुतीराव पाटलांच्या आजोबांनी त्याला एक वळण देऊन ठेवलं होतं. राखण्याला खळोखळी हिंडायला लागू नये म्हणून सगळी सुपं पाटलांच्या वाड्यावर जमा व्हायची, आणि तिथून पाटील आपल्या हाताने राखण्याच्या पाटीत भात घालायचे. दिसायला सोय. पण दहा घरचं भात एका हाताने दिलं की ते त्या हाताचं होतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटल्यावर निदान उंदीर तरी एकत्र जमतात. आमचं गाव तेवढंही जमत नसे.

पहिलं महायुद्ध संपत आलं त्या वर्षी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि मष्णू गेला. मी तेव्हा पाळण्यात होते. पुढची हकिगत मला आईने सांगितली, तिच्या स्वतःच्या रागासकट, आणि मी तो राग जसाच्या तसा ठेवला आहे. त्या वर्षी पाऊस बेताचा, भात बेताचं, आणि ते पिकून उभं. मष्णूचं सुतक फिटायच्या आत मालुबाई त्याची काठी घेऊन बांधावर उभी राहिली. लोकांनी नावं ठेवली. भात कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही, एवढंच ती म्हणाली. तिला एक लहान लेक होती. राखण गेली तर निपाणीला बहिणीकडे, अक्काताईकडे जायचं आणि तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर खोकत बसायचं, हे तिला दिसत होतं. ते तिला नको होतं.

पाटलांची म्हसरं दुपारी सुटून आमच्या रानात शिरायची. मष्णू असताना तो ती हळूच बाहेर काढी आणि वाड्याच्या गोठ्यापाशी नेऊन सोडी. मालुबाईने ती थेट कोंडवाड्यात घातली. संध्याकाळी मारुतीरावांनी तिला वाड्यासमोर बोलावलं. चार माणसं जमली. पाटील ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, हीच त्यांची खुबी.

“भात वाड्याचं खाणार आणि म्हसरं वाड्याचीच कोंडणार व्हय गं?” त्यांनी विचारलं. शिवाय मळणी झाली की राखणीला ते दुसरा माणूस पाहणार आहेत, बाईमाणसाचं हे काम नव्हे, असंही सांगितलं.

मालुबाई काठी घेऊन परत बांधावर गेली. भात वाड्याच्या हातूनच येत होतं, हे खोटं कसं म्हणणार?

त्याच आठवड्यात रवळनाथाच्या देवळात कार्तिकातलं पुराण चालू होतं. शहापूरचे पुराणिकबुवा दरवर्षी यायचे. गोड माणूस, गळाही गोड, फक्त पोथीबाहेर कुणी प्रश्न विचारला की त्यांना शिंका यायच्या. एका संध्याकाळी त्यांनी पृथू राजाची कथा लावली होती. पृथूचा बाप वेन हा राजा माजला. यज्ञ बंद करा, माझीच पूजा करा, म्हणू लागला. ऋषींनी समजावलं, ऐकेना. शेवटी त्यांनी मंत्राच्या बळाने त्याला मारलं. मग त्याचा हात घुसळला, त्यातून पृथू निघाला, तळहातावर चक्राची खूण घेऊन. पुढे त्याने पृथ्वीची गाय करून तिच्यातून धान्य दोहलं. तेव्हा राजा म्हणजे विष्णूचा अंश, तो माणसं करत नाहीत, देव पाठवतो, असा बुवांनी समारोप केला. मारुतीराव पुढच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान डोलावली.

यावर आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील नागोजी हवालदार, खाकरले. आप्पा पलटणीबरोबर बरीच वर्षं ब्रह्मदेशात राहून आले होते, आणि गावात कसलाही विषय निघाला तरी तो ते तिकडे नेत. तिथल्या भिक्षूंना फुंगी म्हणतात. छावणीजवळच्या विहारात एक म्हातारा फुंगी होता, त्याला मोडकंतोडकं हिंदुस्तानी येई. बुद्धाने सांगितलेली राजाची गोष्ट निराळी आहे, असं म्हणत आप्पांनी ती त्याच्या तोंडून ऐकलेली सांगितली.

आरंभी भाताला टरफल नव्हतं. संध्याकाळी कापलं की सकाळी पुन्हा उगवलेलं असे. मग एका आळशाने दोन वेळचं एकदम कापून घरात ठेवलं. त्याचं पाहून दुसऱ्याने चार दिवसांचं ठेवलं. भाताला टरफल आलं, कापलेलं परत उगवेना. मग लोकांनी बांध घातले, हे माझं, ते तुझं. आणि बांध घातल्यावर एकजण आपलं राखून दुसऱ्याचं कापू लागला. धरला, रागावले, पुन्हा कापलं, मारला. तेव्हा सगळे जमले आणि म्हणाले, हे असं चालायचं नाही. त्यांनी आपल्यातलाच एक निवडला. त्याला म्हणाले, ज्याला रागवायला हवं त्याला तू रागाव, ज्याला हाकलायला हवं त्याला हाकल, आणि आम्ही प्रत्येकजण आमच्या भातातला वाटा तुला देऊ. सगळ्यांना संमत म्हणून त्याचं नाव महासंमत. पहिला राजा तो.

बायका मागच्या खांबाआड बसल्या होत्या. तिथून मालुबाईचा आवाज आला.

“म्हंजे राखण्याच की ह्यो.”

देऊळ हसलं. आप्पाही हसले. पुराणिकबुवांना शिंक आली. मालुबाई मात्र हसली नव्हती. ती पुढे येऊन उभी राहिली आणि तिने बुवांना हात जोडून विचारलं की वेन राजा पण देवाचाच अंश होता का. बुवा म्हणाले, होता. मग त्याला मारलं ते कुणी? ऋषींनी. पाप लागलं का त्यांना? बुवांनी जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की नाही, पोथीत तसं कुठे लिहिलेलं नाही.

ती परत जाऊन खांबाआड बसली. पुराणिकबुवा आणि आप्पा त्यानंतर बराच वेळ वाद घालत होते, देव मोठा की माणसांची संमती मोठी. मालुबाईला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. आप्पांकडून तिने घेतलं की राजा ठेवायचा तो ज्यांचं भात त्यांनी. बुवांकडून घेतलं की नीट नाही वागला तर काढता येतो. दोन्ही तिला पटलं, आणि पटलं म्हणजे करायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. आपल्याकडे ज्ञान ऐकायचं असतं, वागायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मळणी सुरू झाली. पहिली रास आमच्या खळ्यावर पडली. वाड्यावरचा गडी सुपं न्यायला आला, आणि त्याच्याआधी मालुबाई रिकामी पाटी घेऊन उभी.

“राखण मी केलीया,” ती म्हणाली. “सूप माज्या पाटीत घाला, न्हायतर न्हाय म्हणून सांगा.”

आता आमच्या आप्पांची गंमत बघा. देवळात महासंमताची गोष्ट सांगणारे हेच. पलटणीत गोळीबारात उभे राहिलेले हेच. पण त्यांचा हात राशीत गेला तो तिथेच राहिला. एक डोळा वाड्याच्या गड्याकडे, एक मालुबाईकडे. पाटलांशी वैर घेऊन गावात राहायचं म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं. मी त्यांना दोष देत नाही. आईने मात्र दिला, मरेपर्यंत दिला.

माझ्या आईचं नाव जयाबाई. तिने सूप उचललं, राशीत खुपसलं, भरून वर काढलं आणि मालुबाईच्या पाटीत ओतलं. गड्याला म्हणाली, वाड्याला सांग, माणूस इथेच उभं असताना भाताला कशाला हेलपाटा? गडी रिकामा गेला.

दुसऱ्या खळ्यावर दिलं नाही. तिसऱ्यावर बाप्ये गप्प राहिले आणि म्हातारीने दिलं. मालुबाई एकेका खळ्यावर जाऊन उभी राहिली. जिथे नाही म्हणाले तिथे वाद घातला नाही. पाटी उचलून पुढे गेली. पण ती गेली की त्या घरात भांडण लागे. ज्यांची पिकं राखली गेली होती त्यांना ते ठाऊक होतं, आणि यंदा म्हसरांनी काही खाल्लं नव्हतं. शेवटच्या दिवसांत नाही म्हणालेलीच माणसं सूप घेऊन तिच्या झोपडीपाशी आली. तिने घेतलं नाही. उद्या खळ्यावर येते, तिथे घाला, सगळ्यांसमोर, असं सांगून तिने त्यांना परत पाठवलं.

मारुतीराव खळ्यांच्या वाटेवर तिला आडवे आले. ज्यांनी तुला भात घातलं त्यांचं राख, म्हणाले. आमच्या खळ्यावरचा दाणा तुला मिळणार नाही, आणि आमच्या रानाकडे बघायचंही काम नाही.

“दाणा ऱ्हाऊ द्या, पाटील,” ती म्हणाली. “पर शिवार एकच हाय. ढोर आलं तर कुणाच्या बांधावरनं आलं म्हणून मी इचारत बसू व्हय?”

आणि तिने पाटलांचं रान राखलं. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि त्यानंतर प्रत्येक वर्षी. त्यांच्या खळ्यावरून तिला एक सूप मिळालं नाही, आणि त्यांच्या रानातली एक लोंबी चोरीला गेली नाही. मला विचाराल तर हा निव्वळ हट्ट होता. पण असा हट्ट मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

यापुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे. दरवर्षी मळणीला मालुबाई प्रत्येक खळ्यावर येई, काठी राशीपुढे आडवी ठेवी आणि विचारी, “ठेवतासा का काढतासा?” ठेवतो म्हणाल्यावरच पाटी पुढे करी. लोक कंटाळले. अगं, किती वेळा तेच, म्हणून कुणी हसे. पण ती उत्तर मिळेपर्यंत हलत नसे. ज्याच्या रानातून काही गेलं असेल त्याचं सूप ती घेत नसे. एकदा यल्लाप्पाच्या पेंढ्या चोरीला गेल्या. तो तापट माणूस, “काढतो” म्हणाला. ती काठी तिथेच ठेवून घरी गेली. दोन दिवस शिवार मोकळं पडलं. दोन दिवसांत गावातल्या प्रत्येकाला शेजाऱ्याचा संशय येऊ लागला, आणि तिसऱ्या दिवशी यल्लाप्पा स्वतः काठी घेऊन तिच्या दारात. तिने काठी घेतली, त्या वर्षीचं त्याचं सूप मात्र घेतलं नाही.

ज्याला रागवायला हवं त्याला रागवायचं, हे कलम तर तिने फारच मनावर घेतलं होतं. शिवारापुरतं तिला कुणी थांबवेना. पुराणिकबुवांच्या तट्टाने आमच्या बांधावर तोंड घातलं तर तिने ते कोंडवाड्यात नेलं. बुवा बिचारे चालत शहापूरला निघाले आणि हसत म्हणाले, पृथूने पृथ्वीची गाय केली, हिने माझ्या तट्टाचा चोर केला. आप्पांना तर ती येता-जाता धरी. बांधावरची माती आपल्या बाजूला ओढण्याची आप्पांना खोड होती. “हवालदार, बांध सरकाया लागला जणू,” एवढंच ती दुरून म्हणे, आणि आप्पा फावडं घेऊन घरी येत.

तिची लेक मोठी झाली, बेळगावच्या खासबागला दिली. जावई मागावर विणायचा. तू आता इकडे ये, सुताच्या कांड्या भरत सुखात बस, असं लेक दर सणाला म्हणे. मालुबाई दर सणाला नाही म्हणे.

स्वातंत्र्य आलं त्या दिवशी शाळेपुढे झेंडा लागला. बेळगावाहून आलेल्या एका पुढाऱ्याने भाषण केलं, की आता राजे गेले, आजपासून तुम्ही सगळेच राजे. मालुबाई आईच्या शेजारी बसली होती. ती आईला म्हणाली, “समदीच राजं झाली तर समद्यांस्नीच राखणीला जावं लागंल की गं.” आई हसली. मला तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं. अलीकडे वाटत नाही.

त्याच कार्तिकात ते घडलं. मालुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला वाटे की कुणाला कळलेलं नाही. गावाला सगळं कळलं होतं. कुणीतरी दोनदा भात कापून नेलं, आणि ज्यांचं नेलं ते गप्प बसले. उलट यल्लाप्पाचा मुलगा रवळू आणि आणखी दोघे तिच्या नकळत पाळीने राखणीला जाऊ लागले. चांगल्या मनाने केलं होतं. म्हातारीला दुखवायचं कशाला?

एका सकाळी तिने ओढ्याकडच्या बाजूला भातात सळसळ ऐकली, वाकून गेली आणि चोर म्हणून रवळूची मानगूट धरली. तो ढोर हाकत होता. तिने दरडावून विचारल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. मालुबाई बांधावर बसली आणि रडली. तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. गावाला आपली दया आली याचं तिला दुःख नव्हतं. यंदा आपण काहीच राखलं नाही, आणि ते सांगायला एकही तोंड पुढे आलं नाही, याचं होतं.

मळणीला ती आमच्या खळ्यावर आली. रवळूच्या खांद्यावर हात ठेवून आली. बातमी पसरली होती, माणसं जमली. तिने काठी राशीपुढे ठेवली, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. “काढा,” म्हणाली.

कुणी काढेना. आप्पा आता म्हातारे झाले होते, पहिल्या वर्षीची लाज त्यांच्या मनात अजून असावी. ते पुढे होऊन म्हणाले, तू राख, न राख, मालुबाई, सूप तुझं आहे, आमच्या हयातीत कुणी बंद करणार नाही. लोकांनी होकार भरला. आईनेही भरला.

“हवालदार,” ती म्हणाली, “त्या फुंगीनं काय सांगितलंवतं तुमास्नी? राखल्याबद्दल भात. बसल्याबद्दल न्हवं. बसून खाणाऱ्याला वाडा म्हणत्यात.”

मग ती सगळ्यांवर रागावली. आयुष्यात रागावली नसेल तशी. भात गेलं तर तोंड का उघडलं नाही? आज माझी दया केली, उद्या दुसऱ्या कुणाला भ्याल, गप्प बसायची सवय तीच. काढायचं तोंड नसेल तर ठेवलं म्हणण्याला काय किंमत? आई पदराने डोळे पुसत होती. शेवटी यल्लाप्पाच म्हणाला, “काढलं.” आणि मग एकेकजण. आईचा आवाज सगळ्यात शेवटी आला.

नवा कोण, ते तिने तिथेच ठरवायला लावलं. रवळूचं नाव निघालं. प्रत्येक घराने तोंडाने हो म्हटल्याशिवाय तिने काठी त्याच्या हातात दिली नाही. मी खासबागला जाते, कांड्या भरायला डोळे लागत नाहीत, असं तिने सांगून टाकलं. आईने रवळूच्या पाटीत पहिलं सूप घातलं.

तेवढ्यात मारुतीराव पाटील आले. पाठीत वाकलेले, मागे गडी नाही. हातात स्वतः धरलेलं सूप. माणसं बाजूला झाली. ते मालुबाईपुढे येऊन उभे राहिले.

“मालुबाई, इतकी वर्सं आमचं फुकट राखलंस,” ते म्हणाले. “जाताना ह्ये घेऊन जा.”

“फुकट न्हवतं, पाटील. शिवार एक हुतं म्हणून राखलं. आता माजं काय न्हाय. राखण्या त्यो उभा हाय. घालायचं आसंल तर त्येच्या पाटीत घाला, ह्या समद्यांच्या म्होरं.”

म्हातारीच्या पदरात भात घालणं म्हणजे मोठ्याने लहानाला देणं. त्यात वाड्याचं काही जात नव्हतं. रवळूच्या पाटीत घालणं म्हणजे सगळ्यांच्या रांगेत उभं राहणं. मारुतीरावांना ते कळत होतं, आणि आम्हांलाही. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग वळले, आणि रवळूच्या पाटीत भात ओतलं.

मालुबाईने कान तिकडे लावला होता. दाणे पडायचे थांबले तशी ती म्हणाली, “सूप अर्धंच हुतं, पाटील. भरून आणा.”

आणि मारुतीराव पाटील रिकामं सूप घेऊन आपल्या खळ्याकडे परत निघाले.